कावळ्यांची लेक, गिरणीवाल्यांचा गोळा

एर्लग्रुंड गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच होतं, लाइपोल्ड. नवा टपालवाला आला की पहिला महिनाभर चुकीच्याच दारात उभा राहायचा. म्हणून गावानं घराघराला टोपणनाव देऊन टाकलं होतं, आणि ते चर्चमध्ये ठेवलेल्या नावापेक्षा घट्ट चिकटायचं. ज्यांच्या आजोबानं कावळा पाळला होता ते कावळे. ओढ्यापलीकडच्या बंद पडलेल्या गिरणीत राहायचे ते गिरणीवाले.

हुल्डा जन्मली कावळ्यांकडे आणि लग्न होऊन गेली गिरणीवाल्यांकडे. दोन घरांमध्ये अंतर म्हणाल तर एक उतार आणि एक लाकडी पूल. पण पोरगी समुद्रापार दिली असती तर तिच्या बापाला कमी दुःख झालं असतं, असं सगळा गाव म्हणायचा.

भांडणाचं कारण होतं गोळा. नाताळच्या झाडाला टांगायचा काचेचा गोळा.

थुरिंगियाच्या त्या डोंगरात काचेशिवाय कुणाला दुसरं काही येत नव्हतं. प्रत्येक घरात खिडकीशी एक मेज, मेजावर गॅसची निळी ज्योत, ज्योतीसमोर घरातला पुरुष काचेची नळी फिरवत बसलेला. तो फुंकायचा आणि नळीच्या टोकाला गोळा, घंटा, अक्रोड, नाहीतर पक्षी फुगून यायचा. मग बायकांचं काम. गोळ्यात चांदीचं पाणी घालायचं, तो कोमट पाण्यात धरून हलवायचा, की आतून आरसा धरायचा. मग खिळ्यांवर उलटा टांगून वाळवायचा, रंगात बुडवायचा, मान कापून वर पत्र्याचं टोपण बसवायचं. खोकी भरून माल झोनेबर्गला जायचा आणि तिथून जहाजानं कुठे कुठे. जहाजं वेळेवर सुटावी म्हणून सगळी घाई उन्हाळ्यात असायची. त्यामुळे एर्लग्रुंडमध्ये नाताळ जुलैत यायचा आणि डिसेंबरात माणसं हात चोळत बसायची. अशा रिकाम्या दिवसांत वाद घालायला एक चांगला विषय लागतो. तो होता: पहिला गोळा फुंकला कुणी?

कावळे सांगायचे, की त्यांच्या खापरपणजोबांच्या काळी एका वसंतात अवेळी हिव पडलं आणि सफरचंदाचा सगळा मोहोर जळाला. नाताळात झाडाला टांगायला गावात एक सफरचंद मिळेना. खापरपणजी बोडक्या झाडासमोर बसून रडायला लागली. तिचं रडू बघवेना, तसे खापरपणजोबा उठले, भट्टीवर गेले आणि काचेची सफरचंदं फुंकून घेऊन आले.

हे ऐकून गिरणीवाले पोट धरून हसायचे. त्यांच्या मते सफरचंद नाही की बिफरचंद नाही. काम सुटलं की भट्टीवरची माणसं बियर पीत बसायची आणि कोण मोठा फुगा फुंकतो याची पैज लावायची. गिरणीवाल्यांचा खापरपणजोबा म्हणजे रेडा. पैज त्यानंच जिंकली, गोळा काखेत मारून झुलत झुलत घरी आला, आणि "आता हे दारुड्यांचं खेळणं ठेवू कुठे?" असं म्हणत बायकोनं तो झाडाला अडकवला.

पुरावा दोघांकडेही होता. दोन्ही घरांत माळ्यावर शेवाळ भरलेल्या खोक्यात एकेक जुना गोळा होता. जाड, हिरवट काचेचा, आतून शिशाची कल्हई केलेला, चांदीच्या गोळ्यांपुढे अगदी मळकट. नाताळात तो दर्शनी फांदीवर चढायचा. सणाच्या दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी झाडं बघायला घरोघर फिरत, तेव्हा घरचा म्हातारा त्या गोळ्याची कथा सांगे. गावकरी ओढ्याच्या अलीकडे सफरचंदाची कथा ऐकत आणि पलीकडे बियरची, आणि दोन्हीकडे मान डोलवून केक खात.

हुल्डा लहानपणापासून आई रोझीनेच्या शेजारी बसून गोळे हलवत होती. चांदीच्या पाण्यानं बोटं काळी पडतात आणि ते डाग साबणानं निघत नाहीत. प्रार्थनेला हात जोडले की तिला आपल्या बोटांची लाज वाटायची. आर्नो गिरणीवाला तिच्या मागच्या बाकावर बसायचा. एका रविवारी बाहेर पडताना तो म्हणाला,

"तुझी बोटं बघितली की मला बरं वाटतं."

"का रे? थट्टा करतोस?"

"नाही गं. माझी आई गेली, तिची अशीच होती."

त्यानंतर हुल्डानं हात लपवले नाहीत, आणि आर्नोलाही फार काळ लांब ठेवलं नाही.

लग्न नाताळनंतरच्या आठवड्यात झालं, काम नसतं तेव्हा. गिरणीची खोली मोठी, म्हणून जेवण तिथे ठेवलं. झाड अजून उभंच होतं. आर्नोचा बाप एलियास, आवाज ढोलासारखा आणि मन मोकळं. त्यानं पेला उंच केला आणि बोलून गेला, "पहिल्या गोळ्याच्या घरात सूनबाईचं स्वागत असो!"

हुल्डाच्या बापानं, ट्राउगोटनं, बटाट्याचा गोळा तोंडाशी नेला होता तो परत ताटात ठेवला.

"एलियास," तो म्हणाला, "मी लेक दिली. खापरपणजोबा नाही दिला."

"अरे, गंमत केली."

"गंमत नव्हे. बेवड्यांच्या पैजेला तू सणाचं मूळ म्हणतोस, आणि माझ्या घरातली बाई रडली ती खोटी?"

"रडली असेल रे! नवरा कावळा म्हटल्यावर कुणीही रडेल."

सगळी पंगत खो खो हसली. ट्राउगोट टोपी घालून निघून गेला. रोझीने मात्र शांतपणे आपलं ताट संपवलं, नवऱ्याच्या ताटातलंही संपवलं, लेकीचा मुका घेतला आणि म्हणाली, "येईल ताळ्यावर. भूक लागली की येतो."

तो आला नाही. वर्षं गेली तरी त्यानं पूल ओलांडला नाही. हुल्डा माहेरी जायची, त्याच्याशी नीट बोलायची. पण गिरणीच्या दारात त्यानं पाय ठेवला नाही.

आर्नोचा संसार मात्र गोड झाला. तो पक्षी करायचा, काचेच्या धाग्यांची शेपटी लावलेले. काम करताना शीळ घालायचा आणि शीळ चुकली की पक्ष्यावर ढकलायचा. मूल काही झालं नाही. मग लढाई आली. आर्नोला बोलावणं आलं आणि दुसऱ्या वर्षीच्या पानगळीत तो गेल्याची बातमी आली. गिरणीत माणसं जमली. हुल्डानं खिडकीतून पाहिलं, तर पुलाच्या पलीकडे तिचा बाप टोपी हातात धरून पावसात उभा. बराच वेळ तो तसाच उभा होता. पण पुलावर आला नाही. तेव्हा तिला त्याचा इतका राग आला, की आर्नोसाठी रडायला बसली आणि बापासाठी रडून उठली.

महिन्याभरानं तिला माहेरी बघून तो म्हणाला, "आता परत ये. तिथे तुझं कोण आहे?"

"एलियासबाबा आहेत."

"तो तुझा कोण?"

"बाबा, त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. त्यांना साधी कॉफी करता येत नाही. सकाळी उठून कोळसा पितील नाहीतर."

रोझीनेनं डुकराच्या चरबीचं एक मडकं लेकीच्या हातात दिलं. "घेऊन जा. म्हाताऱ्याला पावाला लावून दे."

अशी हुल्डा गिरणीतच राहिली. एलियास फुंकायचा, ती चांदी चढवायची. समोरासमोर बसून दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारायची आणि त्यातच त्यांचं दुःख थोडं थोडं झिजत गेलं.

"काय म्हणतात तुझे कावळे?" तो रोज विचारायचा.

"म्हणतात, गिरणीवाल्यांचे गोळे अंड्यासारखे होतात हल्ली."

"खाऊन बघ म्हणावं."

मीठ जास्त पडलं तरी तो ताट पुसून खायचा. हिवाळ्यात आपली लोकरीची बंडी तिच्या खुर्चीवर टाकून ठेवायचा आणि विचारलं की म्हणायचा, "मला उकडतं." हुल्डाला हे सगळं दिसत होतं. बोलून दाखवलं असतं तर म्हाताऱ्यानं बंडी काढून घेतली असती, म्हणून ती गप्प राहायची.

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. एका हिवाळ्यात एलियासचा दम तुटायला लागला. शहरातून डॉक्टर येऊन गेला. फुंकायचं नाही, म्हणाला. जन्मभर ज्योतीसमोर बसलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे, आता नुसतं बघत बसा, असं सांगणं. हुल्डानं त्याचा पलंग कामाच्या खोलीत, चुलीजवळ आणला आणि झाडही तिथेच उभं केलं.

"पोरी," तो म्हणाला, "यंदा मला उठून बघता यायचं नाही. गोळा अशा फांदीवर लाव, की उशीवरून दिसला पाहिजे."

"लावते. मधोमध लावते."

"आणि जरा पूस. आर्नोची आई पुसायची. तू कावळ्यांची ना, मुद्दाम धुळीत ठेवतेस."

नाताळला चार-पाच दिवस होते. दुपारी एलियासला डुलकी लागली तेव्हा तिनं माळ्यावरून खोकं काढलं. माळ्यावर पाणी गोठेल इतकी थंडी. गोळ्यावर धुराचा चिकट थर बसलेला, कोरड्या फडक्यानं निघेना. तिनं स्वयंपाकघरात पातेल्यात साबणाचं पाणी घेतलं, चुलीवरच्या किटलीतून त्यात थोडं गरम ओतलं आणि गोळा बुडवला.

टिच् असा बारीक आवाज आला. हात वर काढला तर हातात दोन तुकडे, आणि तिसरा पाण्यात.

थंडगार काच गरम पाण्यात घालू नये, हे त्या गावात पोरींना बोलता येण्याआधी कळतं. हुल्डानं स्वतः किती जणींना शिकवलं होतं. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि कितीतरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिली. तो गोळा पहिला होता की शंभरावा, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याचा मुलगा गेला होता, दम गेला होता, आणि आता एवढं एक दाखवायला उरलं होतं, तेही तिच्याच हातून गेलं.

तिनं तुकडे फडक्यात बांधले, वर शाल घेतली आणि झोपलेल्या एलियासकडे एकदा बघून पूल ओलांडला.

कावळ्यांच्या घरी रोझीने केकवर साखर पेरत होती. ट्राउगोट ज्योतीशी बसून उगाच एक अक्रोड फुंकत होता. हुल्डानं फडकं मेजावर सोडलं.

ट्राउगोट वाकला. हिरवट काच, आतली काळपट कल्हई. त्याला लगेच ओळख पटली. त्याच्या चेहऱ्यावर आधी जे उमटलं ते, खरं सांगायचं तर, आनंदाच्या फार जवळचं होतं.

"फुटला? एलियासचा?"

"माझ्या हातून, बाबा." आणि हुल्डाचा बांध फुटला. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत, शब्द गिळत ती बोलत सुटली. म्हातारा कसा हाडांचा सापळा झालाय, उशीवरून दिसेल असा लाव म्हणाला, आता त्याला काय सांगू, कुठल्या तोंडानं सांगू.

ट्राउगोटनं अक्रोड बाजूला ठेवला. एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. कडेवरून अंगठा फिरवला.

"जुना आहे," तो शेवटी म्हणाला. "बेट्याचा खरंच जुना आहे."

"मग?" रोझीनेनं विचारलं.

"मग काय? आमचा त्याहून जुना आहे."

"ट्राउगोट."

"बरं, बरं. अशी काच आता कुणाकडे नाही म्हणत होतो."

"आपल्या माळ्यावर तुझ्या आजोबांच्या नळ्या पडल्यात. दर वर्षी मी फेकू का विचारते, आणि तू माझ्यावर ओरडतोस."

ट्राउगोटनं बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे. खुर्ची सरकवून उठला. "उजेड आहे तोवर करायला हवं," एवढंच म्हणाला आणि जिना चढला.

जुनी नळी जाड होती, तापायला वेळ घ्यायची. ट्राउगोटनं भाता पायानं दाबून ज्योत मोठी केली. काच लाल झाली, मऊ झाली. गाल फुगवून त्यानं फुंकर घातली. गोळा उतरला तो असा गोल, असा देखणा, की तिघांनी एकदमच नकारार्थी मान हलवली.

"फार चांगला झाला," हुल्डा म्हणाली. "त्यांचा एका अंगाला कलता होता."

दुसराही गोल. तिसराही गोल. ट्राउगोटला घाम फुटला. "जन्मात पहिल्यांदा वाईट काम करायला बसलोय आणि हात ऐकत नाही!"

"लग्नाच्या वेळी बरं जमायचं तुला," रोझीने म्हणाली. "मला दिलेली ती घंटा आठवते? मी वर्षभर नासपती समजत होते."

नळी तोंडात होती आणि काच ऐन रसरशीत. ट्राउगोटला हसू आवरेना. फुंकर मध्येच अडखळली, खांदे हलले आणि गोळा एका अंगाला ढळला. तो ओरडणार तेवढ्यात हुल्डानं त्याचा दंड धरला. "बाबा, थांबा! हलवू नका! अस्साच होता!"

कल्हईचं काम रोझीनेनं केलं. शिसं वितळवून गरम गोळ्यात ओतायचं, मनगटानं गरगर फिरवायचं आणि उरलेलं झटक्यात बाहेर काढायचं, हे तिनं तिच्या आजीला करताना पाहिलं होतं. तिचं मनगट अजून हलकं होतं. मग चुलीतली राख आणि मेण लावून हुल्डानं तो मळवला. संध्याकाळ व्हायच्या आत ती गोळा शेवाळाच्या खोक्यात ठेवायला परत निघाली. बाप दारापर्यंत आला.

"एलियासला बोलू नकोस," तो म्हणाला.

"नाही बोलत."

"त्याला वाटायला नको, की मी त्याची कथा मानली."

नाताळच्या संध्याकाळी हुल्डानं मेणबत्त्या लावल्या. हेरिंग माशाचं सॅलड केलं होतं, ते एलियासला उशीला टेकवून भरवलं. त्यानं झाडाकडे पाहिलं. गोळा मधोमध होता.

"जरा माझ्याकडे वळव," तो म्हणाला.

तिनं वळवला. वळवताना शेजारची फांदी तिच्या कोपराला अडकली. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "छान दिसतोय," आणि आणखी सॅलड मागितलं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी शेजारी आले. एलियासनं पलंगावरून कथा सांगितली. दम लागत होता, तरी रेड्यासारखा खापरपणजोबा, बियरचे पेले, पैज, बायकोचे टोले, काही सोडलं नाही. माणसांनी मान डोलवली, केक खाल्ला, आणि ती सगळी पुलापलीकडच्या घराकडे निघाली. दार बंद झाल्यावर एलियास म्हणाला,

"हुल्डा, बस इथे."

ती बसली.

"गिरणीवाले डाव्या गालानं फुंकतात. माझा बाप, त्याचा बाप, आर्नो, सगळे. गोळा कलला तर काचेला पीळ उजवीकडे पडतो." त्यानं झाडाकडे बोट केलं. "याचा डावीकडे पडलाय. असा फुंकणारा या गावात एकच गाढव आहे."

हुल्डानं मान वळवून गोळ्याकडे पाहिलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"वळवलास तेव्हाच."

"मग काल का नाही बोललात?"

"तू इतकी भेदरली होतीस, की मी बोललो असतो तर झाड पाडलं असतंस." त्यानं तिचा हात हातात घेतला आणि काळ्या बोटांवर थोपटलं. "फुटला तर फुटला. काचेला दुसरं काय येतं? मला फक्त एक सांग. तो स्वतःहून बसला फुंकायला, की तू पाया पडलीस?"

"स्वतःहून, बाबा. माळ्यावर जाऊन नळी आणली."

एलियास डोळे मिटून पडला. हुल्डाला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात तो म्हणाला,

"जा, त्याला निरोप दे. म्हणावं, माझ्या झाडावर येऊन लटकलायस, तर आता खुर्चीवर येऊन बस. आणि कल्हई उत्तम झालीय म्हणावं. ती तुझी नाही, रोझीनेची, हे मला कळतं."

ट्राउगोट लगेच आला नाही. निरोप ऐकून त्यानं आधी दाढी केली, मग रविवारचा कोट घातला, मग कोट काढून रोजचा घातला. शेवटी रोझीनेनं त्याला दाराबाहेर ढकललं. पुलाच्या मध्यावर तो थांबला, हे हुल्डानं खिडकीतून पाहिलं. आणि मग चालायला लागला. त्याच्या हातात टोपली होती आणि टोपलीत लाल सफरचंदं.

"आलास?" एलियास म्हणाला. "आणि येताना पुरावा घेऊन आलास."

"खायला आणलीत. डॉक्टर म्हणतो, फळं खा."

"डॉक्टर मला बियरही घे म्हणाला होता."

"खोटं बोलतोस."

"तुझ्या खापरपणजोबाइतकं नाही."

ट्राउगोट खुर्चीवर बसला. मग इकडे तिकडे बघत, टोपी गुडघ्यावर फिरवत, त्यानं जे वर्षानुवर्षं गिळलं होतं ते बोलून टाकलं. "एलियास, आर्नो गेला तेव्हा मी आलो होतो. पुलापर्यंत."

"माहीत आहे. भिजत होतास. मी छत्री पाठवणार होतो, पण म्हटलं, गाढव छत्री परत करायला यायचं नाही."

दोन्ही म्हातारे हसले आणि हसता हसता दोघांनाही खोकला आला. हुल्डा स्वयंपाकघरात जाऊन कॉफीचं भांडं उगाच पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

त्यानंतर ट्राउगोट रोज यायचा. दोघांचं भांडण एकदाही मिटलं नाही. दुपारभर आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. पण एलियासला धाप लागली, की ट्राउगोट मध्येच थांबायचा, उशी वर सरकवायचा, पाणी पाजायचा आणि मग म्हणायचा, "हं, काय म्हणत होतास? सांग तुझं खोटं पुढे." बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका सकाळी एलियास झोपेतच गेला. शवपेटीचा पुढचा दांडा ट्राउगोटनं धरला, आणि वय झालंय, सोड, असं सांगणाऱ्याकडे त्यानं असं पाहिलं की तो परत बोलला नाही.

गाव म्हणाला, आता हुल्डा माहेरी जाईल. फुंकणारा नाही, तर नुसती चांदी कशावर चढवणार? रोझीनेनं तिची जुनी खोली झाडूनही ठेवली. हुल्डा आली, आईच्या हातचं जेवली आणि बापाला म्हणाली, "उद्यापासून सकाळी गिरणीत या. मला ज्योतीवर बसायचंय."

"बाई माणूस?"

"तुम्हाला तीन गोळे वाईट फुंकता आले नाहीत. मला पहिल्याच दिवशी शंभर जमतील. तेवढी तर सुरुवात आहे."

ट्राउगोट आला. पहिला महिना तिचे गोळे बटाट्यासारखे होत होते, ओठ भाजत होते, आणि रस्त्यानं जाणारे पुरुष खिडकीशी थांबून सल्ले देत होते. एकानं विचारलं, "हुल्डाबाई, हे काय, दगड करताय का?" ती म्हणाली, "हो, खिडकीतून डोकावणाऱ्यांसाठी." उन्हाळ्यात झोनेबर्गच्या व्यापाऱ्यानं तिचे गोळे घेतले. पुढच्या उन्हाळ्यात पक्षीही मागितले. आर्नोचे पक्षी मान ताठ ठेवून बसायचे. हुल्डाच्या पक्ष्यांची मान किंचित वाकडी असायची, कुणीतरी हाक मारल्यासारखी. ती तशी मुद्दाम ठेवते की तिला सरळ जमत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

तिचे आईबाप गेले, तीही म्हातारी झाली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गिरणीत येणाऱ्यांना ती दोन्ही कथा सांगायची, आधी बियरची, मग सफरचंदाची, दोन्ही तितक्याच तावातावानं. कुणी विचारलंच की यातली खरी कुठली, तर म्हणायची, "मला काय माहीत? मी दोन्हीकडे जेवले आहे."

लढाईनं गावातल्या आणखीही घरांत पुरुष ठेवले नव्हते. तिथल्या मुली तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. हुल्डामावशी त्यांना ज्योतीसमोर बसवायची आणि मागे उभी राहून पाठीवर तळवा टेकवायची, श्वास कुठून येतोय ते बघायला. एका फेब्रुवारीत एक नवी आली होती, एल्सबेट, घाबरट, नळी काठीसारखी दोन्ही मुठींत आवळून धरणारी.

"मावशी, किती जोरात फुंकू?"

"जोरात नाही गं. सूप गरम असलं की फुंकतेस ना, तेवढंच."

मुलीनं गाल फुगवले. हुल्डाच्या तळव्याखाली तिची पाठ हळूच वर आली, आणि नळीच्या टोकाला काच फुगायला लागली.